कोळशाची दुसरी बादली

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की सगळीकडे ख्रिसमसला बघायच्या सिनेमांच्या याद्या यायला लागतात, मी त्या आवडीनं वाचते. त्यात 'अ ख्रिसमस कॅरल' असतंच आणि त्याच्यापुढे एक ओळ ठरलेली असते, खडूस म्हातारा, तीन भुतं आणि एका रात्रीत झालेलं हृदयपरिवर्तन. ही ओळ चूक आहे असं मी म्हणणार नाही, पण या गोष्टीतलं जे मला आता सगळ्यात मोलाचं वाटतं ते नेमकं त्या ओळीच्या बाहेर राहतं, आणि तेवढंच सांगायला हे पत्र लिहितेय. पत्र लांबणार आहे, सांभाळून घ्या.

शाळेत असताना मी ही गोष्ट वाचली ती एका पातळ, संक्षिप्त पुस्तकात. त्यानंतर सगळं सिनेमातच बघितलं, त्यामुळे डोक्यात इतकी सरमिसळ झाली होती की कुठला प्रसंग चार्ल्स डिकन्सनं लिहिला आणि कुठला कुणा दिग्दर्शकानं घातला ते मला सांगताच आलं नसतं. या वर्षी मूळ इंग्रजी पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, दोन रात्रींत संपलं, आणि संपल्यावर लगेच परत सुरुवातीपासून वाचायला घेतलं. पुस्तक तसं छोटंच, पाच प्रकरणं, आणि डिकन्स त्यांना प्रकरण म्हणतच नाही, गाण्याचं कडवं म्हणतो, कारण कॅरल म्हणजे ख्रिसमसचं गाणं. मग जमतील तेवढे सिनेमे पुस्तक शेजारी ठेवून बघितले, जुने, नवे, कार्टूनचे, बाहुल्यांचे.

मी एकतीस वर्षं एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला काम केलं. म्हणजे या गोष्टीत माझी खुर्ची त्या खडूस म्हाताऱ्याच्या, स्क्रूजच्या, कारकुनाची, बॉब क्रॅचिटची. म्हणूनच असेल, वाचताना माझी नजर भुतांच्या आधी कोळशावर गेली.

पहिल्या कडव्यातला तो ऑफिसचा प्रसंग बघा. लंडनमधली थंडी, दुपारी तीन वाजताच अंधारून आलेलं, धुकं चावीच्या भोकातून आत येतंय. स्क्रूजच्या खोलीत बारीकसा विस्तव आहे आणि शेजारच्या कोंदट खुराड्यात पत्रं उतरवत बसलेल्या कारकुनाचा विस्तव त्याहून बारीक, इतका की एकच कोळसा जळत असावा असं वाटावं. तो वाढवायची सोय नाही कारण कोळशाचं खोकं मालकानं स्वतःच्या खोलीत ठेवलंय, आणि बॉब फावडं घेऊन आत आला की मालक म्हणणार, आता तुझं माझं जमेलसं दिसत नाही. स्वतःच्या खोलीचं दार त्यानं उघडं ठेवलंय तेही कारकुनावर नजर ठेवायला. मग बॉब गळ्यातला पांढरा मफलर घट्ट गुंडाळतो आणि मेणबत्तीवर ऊब घ्यायला बघतो. डिकन्स लिहितो की त्याची कल्पनाशक्ती काही फार तगडी नव्हती, त्यामुळे ते जमलं नाही. हे मी चारदा तरी वाचलं असेल. माणूस मेणबत्तीवर शेकतोय, आणि दहा पावलांवर कोळसा आहे.

या बॉबचा पगार आठवड्याला १५ शिलिंग. ख्रिसमसची एक दिवसाची भरपगारी सुट्टी मागितली तर स्क्रूज म्हणतो की दर २५ डिसेंबरला माझा खिसा कापायची ही सबब आहे, आणि वर दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर यायला सांगतो. इथे मला माझंच आठवलं. माझी मुलगी टायफॉइडनं आजारी होती, मी अर्धा दिवस मागितला, तेव्हाच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, मग त्या अर्ध्या दिवसाचा पगार कंपनीनं कशाचा द्यायचा. मी काही बोलले नाही, जागेवर येऊन व्हाउचर लिहीत बसले. साहेब वाईट होते असंही नाही, घरी त्यांना मुलं होती, ऑफिसात सगळ्यांना ते शिस्तीचे वाटायचे. स्क्रूजही गावात कुणाला गुन्हेगार वाटत नाही, पेढीवर त्याच्या सहीला किंमत आहे, त्याला फक्त शेजारच्या खोलीतला माणूस दिसत नाही.

आणि तोच बॉब ऑफिस सुटल्यावर काय करतो, तर कॉर्नहिलवर पोरांच्या रांगेत लागून बर्फावरून वीसदा घसरतो आणि मग आंधळी कोशिंबीर खेळायला कॅम्डन टाउनच्या घराकडे धूम ठोकतो, अंगात ओव्हरकोट नाही. म्हणजे डिकन्सनं त्याला केविलवाणा केला नाही, हे फार मोठं आहे.

आता शेवटच्या कडव्याकडे या. भुतं येऊन गेली, स्क्रूज बदलला, त्यानं पोराला पाठवून ती भली मोठी टर्की विकत घेतली आणि बॉबच्या घरी पाठवून दिली, पण कुणी पाठवली ते बॉबला कळू द्यायचं नाही असं स्वतःशीच ठरवून. तो स्वतः क्रॅचिटांच्या घरी जात नाही. तो जातो भाच्याकडे, फ्रेडकडे, जेवायला. बॉबची आणि त्याची भेट होते ती दुसऱ्या दिवशी ऑफिसात, बॉब साडेअठरा मिनिटं उशिरा पोचतो तेव्हा (मिनिटं डिकन्सनं मोजून दिलीत, आणि हजेरीच्या रजिस्टरवर सही केलेल्या कुणालाही ती अर्धी मिनिटं कळतील). स्क्रूज आधी खोटंखोटं रागावतो, मग म्हणतो, तुझा पगार वाढवतोय, तुझ्या घरच्यांना हातभार लावीन, दुपारी बसून बोलू, आणि आता आधी शेकोटी नीट पेटव, आणि पुढच्या अक्षरावर टिंब द्यायच्या आत जाऊन कोळशाची दुसरी बादली विकत आण.

दुसरी बादली! संक्षिप्त पुस्तकात हे वाक्य होतं की नव्हतं मला आठवत नाही, असलं तरी तेव्हा मी ते सोडून पुढे गेले असणार. आता वाचलं आणि पुस्तक मिटून बसून राहिले, कारण सुरुवातीला एक खोकं होतं आणि ते मालकाच्या खोलीत होतं. भाच्याकडे जाणं, गरिबांसाठी वर्गणी मागणाऱ्या गृहस्थाच्या कानात मोठा आकडा सांगणं, टर्की, हे सगळं चांगलंच आहे, पण ते सणाच्या दिवशीचं आहे. बादली २६ डिसेंबरची आहे, कामाच्या दिवसाची, आणि ती जिथे माणूस गारठत होता त्याच खोलीत येते. पगारही तिथेच वाढतो जिथे तो कमी दिला जात होता.

म्हणून सिनेमे बघताना मी प्रत्येक वेळी हेच बघत गेले की स्क्रूज शेवटी बॉबला भेटतो कुठे, त्याच्या घरी की ऑफिसात.

या गोष्टीवरचा आज माहीत असलेला सगळ्यात जुना सिनेमा १९०१ चा आहे, त्याची काही मिनिटंच शिल्लक आहेत आणि त्यात दरवाज्याच्या कडीवर स्क्रूजच्या मेलेल्या भागीदाराचा, मार्लेचा, चेहरा उमटतो ती करामत अजूनही बघण्यासारखी आहे. ते सोडून देऊ. मी नीट बघितला तो १९३८ चा एमजीएमचा, रेजिनाल्ड ओवेन स्क्रूज असलेला. तासाभराचा, गोड, सगळ्या कुटुंबाला बघता येईल असा. पण त्या गोडीसाठी काय काय काढलंय बघा. स्क्रूजची जिच्याशी सोयरीक मोडली ती बेल काढली, मेलेल्या स्क्रूजचे पडदे विकणाऱ्या बायका काढल्या, आणि बॉबची नोकरी जाते ती का, तर रस्त्यात पोरांशी खेळताना त्याच्या हातचा बर्फाचा गोळा स्क्रूजच्या टोपीवर बसतो म्हणून, वर त्या टोपीचे पैसेही पगारातून कापले जातात. प्रसंग म्हणून मजेशीर आहे. पण पुस्तकात बॉबचं काही चुकतच नाही, काही घडतच नाही, नुसती रोजची थंडी आहे. रोजच्या थंडीच्या जागी एक अपघात आणला की मालक तापट वाटतो, पद्धत सुटून जाते. शेवटी स्क्रूज भेटवस्तू घेऊन थेट बॉबच्या घरी.

ही घरी जायची चूक पुढे फार जणांनी केली. १९७० च्या संगीत 'स्क्रूज'मध्ये अल्बर्ट फिनी फादर ख्रिसमसचा वेश करून जातो, डिस्नेच्या १९८३ च्या मिकी माउसवाल्या छोट्या सिनेमात तो धुण्याचं गाठोडं आणल्याचं नाटक करतो आणि त्यातून खेळणी निघतात, मपेट्स नावाच्या बाहुल्यांच्या सिनेमात अख्खा मोहल्ला त्याच्यामागे बॉबच्या दारात. मला कळतंय ते असं का करतात, सगळी पात्रं एका चौकटीत येतात, बॉबचा लंगडणारा मुलगा टायनी टिम मांडीवर घेता येतो, प्रेक्षकाच्या डोळ्यात पाणी येतं, माझ्याही आलं. पण मग त्या बिचाऱ्या मिसेस क्रॅचिटला स्वतःच्या दारात उभं राहून त्याच माणसाचे आभार मानावे लागतात ज्याच्या नावानं जेवणात पेला उंचावल्यावर पुस्तकात तिचा चेहरा लाल होतो, जी म्हणते तो इथे असता तर मी त्याला चांगलं सुनावलं असतं. तिचा राग खरा होता आणि पुस्तकात डिकन्स तिला आभार मानायला लावत नाही. टर्कीवर नाव नसणं म्हणजे तिचा मान ठेवणं आहे असं मला वाटतं.

आता १९५१ चा सिनेमा, अॅलिस्टर सिमचा, दिग्दर्शक ब्रायन डेस्मंड हर्स्ट. सगळे म्हणतात हाच सर्वांत चांगला आणि मीही म्हणते. सिमचे ते मोठे, घाबरलेले डोळे. हा स्क्रूज दुष्ट नाही वाटत, कशाला तरी भ्यालेला वाटतो. सकाळी उठल्यावर तो नाचतो, डोक्यावर उभा राहतो, कामवाली मिसेस डिल्बर किंचाळत पळते, आणि तो तिला जिन्यात गाठून विचारतो, मी तुला आठवड्याला किती देतो? दोन शिलिंग. आजपासून दहा! ही कामवाली पुस्तकात अशी नाहीये, हे सिनेमानं घातलेलं आहे, पण डिकन्सच्या बादलीचंच ते भावंड आहे, बघितल्या बघितल्या मला ओळखू आलं. आणि मग भाच्याच्या दारात तो येतो, टोपी हातात, आतून गाणं ऐकू येतंय, दिवाणखान्याचं दार ढकलायची हिंमत होत नाही, आणि तिथली मोलकरीण पोरगी त्याच्याकडे बघून नुसती मान हलवते, जा आत. एक शब्द नाही. त्या मुलीच्या मान हलवण्यावर तो अख्खा सिनेमा उभा आहे. बॉबची भेटही ऑफिसातच होते, दुसऱ्या दिवशी, आणि बादली आहे.

एका गोष्टीवर मात्र माझं त्या सिनेमाशी पटत नाही. त्यात स्क्रूज असा का झाला याची कारणं दिलीत, त्याच्या जन्माच्या वेळी आई गेली म्हणून बाप त्याचा राग करायचा, आणि बहीण फॅन फ्रेडला जन्म देताना गेली म्हणून हा फ्रेडचा राग करतो. हे इतक्या जणांच्या मनात बसलंय की पुस्तकातलंच वाटतं. पुस्तकात फॅन त्याच्याहून बरीच लहान आहे, त्याला बोर्डिंगच्या शाळेतून घरी न्यायला धावत येते, मग त्याच्या जन्माच्या वेळी आई गेली असणं जुळतच नाही. ती मोठेपणी वारली एवढंच डिकन्स सांगतो, कशानं ते नाही. पुस्तकात कारण एकच दिलंय आणि ते बेलच्या तोंडी आहे, तू जगाला फार घाबरतोस. आणि स्क्रूज तिला म्हणतो की गरिबीला हे जग जेवढं निर्दयपणे वागवतं तेवढं कशालाच नाही. हे बोलणारा माणूस मुळात चुकीचं बोलत नाहीये, हीच तर भीती वाटण्यासारखी गोष्ट आहे. डिकन्सला ही भीती आतून माहीत होती. तो १२ वर्षांचा असताना, १८२४ मध्ये, वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले आणि हा पोरगा बूटपॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला सहा शिलिंगांवर डब्यांना लेबलं चिकटवत बसला. त्याच्यातून एक डिकन्स झाला आणि त्याच भीतीतून एक स्क्रूजही होऊ शकतो. त्यासाठी बाळंतपणात आई आणि बहीण दोघींना मारायची गरज नव्हती.

गंमत बघा, त्या १९५१ च्या सिनेमाचा संकलक क्लाइव्ह डॉनर, त्यानंच पुढे १९८४ मध्ये जॉर्ज सी. स्कॉटला घेऊन टीव्हीसाठी हीच गोष्ट केली. ती श्रूजबरी गावात चित्रित झाली आणि शूटिंगसाठी कोरलेला स्क्रूजचा थडग्याचा दगड तिथल्या सेंट चॅड चर्चच्या आवारातच ठेवला गेला. स्कॉटचा स्क्रूज मला फार आवडला कारण तो पैसेवाला दिसतो. बाकीचे स्क्रूज कुबड काढून, आवाज बारीक करून चालतात, हा धान्याच्या व्यवहारात ताठ उभा राहून भाव वाढवतो आणि समोरच्यांना घ्यावं लागतं. असा माणूस कुणी ओळखतही असेल. बॉबची गाठ इथेही ऑफिसात, डिकन्सच्या मनासारखी.

मपेट्सच्या १९९२ च्या सिनेमाबद्दल लिहिताना मला जरा जपून लिहावं लागेल कारण घरातल्या लहानांचा तो जीव की प्राण आहे, आणि खरं सांगायचं तर माझाही. मायकल केन त्या बाहुल्यांच्या मधे असा वावरतो की समोर बॉब म्हणून बेडूक आहे हे त्याला माहीतच नाही, एकदाही हसत नाही, आणि म्हणूनच शेवटी त्याचं हसणं खरं वाटतं. कोळशाचं तर इथे फार सुरेख केलंय, ऑफिसातले हिशेब लिहिणारे उंदीर धीर करून कोळसा मागतात, स्क्रूज विचारतो, एकाएकी बेकार झालात तर कसं वाटेल? आणि ते सगळे तत्क्षणी उन्हाळा असल्यासारखे नाचायला लागतात. लहान मुलं हसतात, मला त्यात माझ्या ऑफिसातले आम्ही सगळे दिसलो. आणि अजून एक, डिकन्सचा आवाज बाकी कुठल्याच सिनेमात इतका नाही. पुस्तकात तो सतत आपल्याशी बोलतो, मी मनानं तुझ्या कोपराशी उभा आहे असं एका ठिकाणी म्हणतो, सिनेमात ते जमत नाही म्हणून सगळे ते सोडून देतात, इथे गॉन्झो नावाची बाहुली डिकन्स होऊन गोष्ट सांगते आणि पुस्तकातली वाक्यंच्या वाक्यं येतात. बेलचं निरोपाचं गाणं थिएटरसाठी कापलं होतं, मुलांना कंटाळा येईल म्हणून, ते २०२२ मध्ये ओटीटीवर परत जोडून दाखवलं हे फार बरं झालं. ते गाणं नसलं तर स्क्रूजनं गमावलं काय तेच कळत नाही.

२००९ चा झेमेकिसचा, जिम कॅरीचा, तो मला थकवून गेला, संवाद खूपसे मूळचे आहेत आणि मार्ले अंगावर काटा आणतो पण स्क्रूजला उंदराएवढा करून शववाहिकेच्या घोड्यांपुढे पळवायचं कारण मला कळलं नाही. २०१९ च्या मालिकेत तर स्क्रूजला इतका क्रूर केलाय की तो शेजारच्या खोलीतला साहेब उरतच नाही, राक्षस होतो, आणि राक्षसात स्वतःला बघायची कुणाला गरज पडत नाही. पॅट्रिक स्टुअर्टचा १९९९ चा मात्र जरूर बघा, माळरानावरच्या खाणकामगारांचं घर, दीपगृहातले दोन रखवालदार, असं जे सगळे गाळतात ते त्यात आहे.

आता १९७० च्या त्या संगीत सिनेमाकडे एकदा परत जाते. त्यातलं एक दृश्य मी घरी जाण्याची चूक माफ करावी इतकं चांगलं आहे. स्क्रूज मेलाय, त्याचे ऋणको रस्त्यावर नाचतायत, एक जण त्याच्या शवपेटीवर चढून नाचतो, थँक यू व्हेरी मच म्हणत, आणि भुताबरोबर हे भविष्य बघायला आलेला स्क्रूज त्यांच्यात खुशीनं नाचतोय कारण हे आभार कशाचे ते त्याला कळलेलंच नाही. हे आलं कुठून ते मला पुस्तक वाचल्यावर कळलं. चौथ्या कडव्यात स्क्रूज भुताला विनवतो की या माणसाच्या मरणानं कुणाला काही वाटलं असेल तर ते दाखव, आणि भूत त्याला एका घरात नेतं जिथे कॅरोलाइन नावाची बाई नवऱ्याची वाट बघत येरझाऱ्या घालतेय. नवरा येतो, सांगतो की आपला सावकार मेला. आता कर्ज कुणाच्या हातात जाईल कुणास ठाऊक, पण इतका निर्दय दुसरा मिळणार नाही, आज रात्री झोप लागेल. मुलं भोवती गप्प उभी आहेत आणि त्यांचेही चेहरे उजळतात. एका माणसाच्या मरणानं एक घर सुखी झालं. या नवराबायकोला किती सिनेमांनी गाळलंय, खरंच गाळायला नको.

त्याच्या पुढचंच पान टायनी टिम गेल्यानंतरचं. आई काळं कापड शिवतेय, हात डोळ्यांवर नेते, म्हणते रंगानं डोळे दुखतात. मग म्हणते, बाबांची यायची वेळ होऊन गेली. मोठा मुलगा पीटर म्हणतो, हल्ली ते जरा हळू चालतात. आणि आई म्हणते, टिमला खांद्यावर घेऊन मी त्यांना किती भरभर चालताना पाहिलंय. मुलाचं ओझं गेलं आणि बापाची चाल मंदावली, एवढंच, डिकन्स पुढे काही बोलत नाही. मपेट्सनी हे जवळजवळ जसंच्या तसं ठेवलंय, बेडकाच्या घरात, आणि तिथे मी रडते, दर वेळी.

संपादकमहाशय, आता ज्यासाठी खरं पत्र लिहिलं ते. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी दुसरं भूत, ते धिप्पाड, हसरं, मध्यरात्र जवळ आलेली, आणि स्क्रूजला त्याच्या झग्याखाली काहीतरी पंजासारखं दिसतं. भूत झगा बाजूला करतं. दोन मुलं. पिवळी पडलेली, हाडं निघालेली, चिंध्या पांघरलेली, भुताच्या पायांना घट्ट धरून बसलेली. स्क्रूज चरकतो, विचारतो, ही तुझी का? भूत म्हणतं, माणसांची आहेत. हा मुलगा अज्ञान, ही मुलगी दैन्य. दोघांपासून जपा, पण त्यातही या मुलापासून जास्त, याच्या कपाळावर सर्वनाश लिहिलाय. स्क्रूज विचारतो, यांना कुठे थारा नाही? आणि भूत त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर मारतं, तुरुंग नाहीत का? वर्कहाउस नाहीत का? हेच तो आदल्या दिवशी वर्गणीवाल्यांना म्हणाला होता. वर्कहाउस म्हणजे १८३४ च्या कायद्यानंतर गरिबांना जिथे कोंडून काम करून घ्यायचे, जिथे नवरा, बायको आणि मुलं यांना वेगवेगळं ठेवायचे, ते.

डिकन्सनं हे हवेतून काढलेलं नाही. १८४३ च्या सप्टेंबरमध्ये तो लंडनच्या फील्ड लेनमधली रॅगेड स्कूल बघून आला होता, रस्त्यावरच्या पोरांसाठीची फुकट शाळा, आणि त्याच वर्षी कारखान्यांत राबणाऱ्या मुलांबद्दलचा सरकारी अहवाल त्यानं वाचला होता. त्यावर तो एक पत्रक काढणार होता, गरिबाच्या मुलाच्या वतीनं देशाला विनंती म्हणून. मग त्यानं बेत बदलला, गोष्ट लिहायची ठरवली, सहा आठवड्यांत लिहिली आणि १९ डिसेंबरला ती आली, ६००० प्रती ख्रिसमसच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. किंमत पाच शिलिंग, म्हणजे बॉब क्रॅचिटच्या आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा. रंगीत चित्रं आणि सोनेरी कडांचा हट्ट डिकन्सचाच, त्यात खर्च इतका झाला की पहिल्या आवृत्तीतून त्याच्या हातात २३० पौंडच पडले, त्याला १००० ची आशा होती. पण बॉबला परवडणार नाही हे त्यालाही खुपलं असावं, कारण १८५३ मध्ये बर्मिंगहॅमला त्यानं ही गोष्ट लोकांसमोर वाचली तेव्हा एक वाचन खास कामगारांसाठी कमी तिकिटात ठेवायला लावलं.

म्हणजे ती दोन मुलं या गोष्टीचं मूळ आहेत, आधी ती होती आणि मग स्क्रूज आला. आणि नेमकी तीच सगळ्यात आधी कापली जातात. १९३८ च्या सिनेमात नाहीत, मिकीच्या नाहीत, मपेट्सच्या नाहीत, माझ्या शाळेतल्या पुस्तकात तर नव्हतीच. १९५१ मध्ये आहेत, स्कॉटच्या सिनेमात आहेत, आणि १९७१ ची रिचर्ड विल्यम्सची अवघ्या पंचवीस मिनिटांची कार्टून फिल्म आहे, ऑस्कर मिळालेली, सिमचाच आवाज असलेली, तिच्यातही आहेत. पंचवीस मिनिटांत ज्यांना खाणकामगारही दाखवता आले, दीपगृहही दाखवता आलं आणि ती मुलंही दाखवता आली, त्यांच्यापुढे वेळ नव्हता ही सबब कुणाची चालणार नाही. मुलं घाबरतील असं म्हणतात. माझ्या दहा वर्षांच्या नातीला मी ते पान वाचून दाखवलं. ती घाबरली नाही, तिनं विचारलं की मग शेवटी त्या दोघांचं काय झालं. मी पुस्तक चाळून बघितलं. टिम वाचतो, हे डिकन्स ठासून सांगतो, टिम मेला नाही हे त्यानं लिहून झाल्यावर मागाहून घातलं होतं. त्या दोघांबद्दल एक ओळ नाही.

माझी विनंती साधी आहे. डिकन्सला जाऊन दीडशे वर्षं उलटली, पुस्तकावर कुणाचा हक्क नाही. गोष्टीची कडवी पाच आहेत. पुढच्या डिसेंबरात २१ ते २५ तारखेपर्यंत रोज एक कडवं चांगल्या मराठीत, पूर्ण, आपल्या पेपरात छापा. पाहिजे तर चित्रं देऊ नका, जागा कमी पडली तर स्क्रूजच्या तरुणपणीच्या मालकाच्या, फेझिविगच्या, घरच्या नाचातल्या चार ओळी गेल्या तरी चालतील. पण कोळशाचं खोकं, कॅरोलाइन आणि तिचा नवरा आणि झग्याखालची ती दोन मुलं यांना हात लावू नका, आणि २५ तारखेच्या अंकात शेवटी ती दुसरी बादली आली पाहिजे.

आपली नम्र,
एक जुनी वाचक